लिनक्स-युनिक्स मशीन चालू-बंद करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक खरंच परत परत पाठवतात, कधी सर्व्हर अडकलाय म्हणून घाईत तर कधी नुसतं कुतूहल म्हणून. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा. उत्तरं मुख्यतः सिस्टमडी (बाकी सगळे प्रोग्राम चालू-बंद करणारं मुख्य सॉफ्टवेअर) असलेल्या लिनक्सची आहेत, जिथे वेगळं काही आहे तिथे तसं सांगितलंय. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात परत येणार आहे: मशीन बंद करण्यातलं खरं काम वीज जाण्याआधी होतं, चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला "आता आवर" म्हणून सांगायचं आणि त्याला आवरायला वेळ द्यायचा. कुठली कमांड सांगून थांबवते आणि कुठली न सांगता मान धरते, एवढं कळलं की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

१. शटडाउन, पॉवरऑफ, हॉल्ट आणि रीबूट, एवढ्या चार कमांड कशाला? फरक काय?

पॉवरऑफ म्हणजे सगळं आवरून वीजही बंद. रीबूट म्हणजे आवरून परत चालू. हॉल्ट म्हणजे सगळं आवरायचं पण वीज तशीच ठेवायची, स्क्रीनवर सिस्टम थांबली एवढंच दिसतं आणि पंखा फिरत राहतो. हॉल्ट आज विचित्र वाटतं पण जुन्या पीसीमध्ये सॉफ्टवेअरला वीज तोडताच यायची नाही, मशीन थांबलं की माणूस उठून खटका बंद करायचा, त्या काळातली ती कमांड आहे. शटडाउन ही या सगळ्यांची मोठी बहीण, तिला वेळ सांगता येते, लोकांना निरोप देता येतो आणि शेवटी काय करायचं तेही सांगता येतं: -आर दिलं तर रीबूट, लहान -एच दिलं तर पॉवरऑफ, मोठं -एच दिलं तर हॉल्ट.

आजच्या बहुतेक लिनक्सवर या चारही कमांड म्हणजे सिस्टमसीटीएल नावाच्या एकाच प्रोग्रामकडे जाणाऱ्या सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नावं) आहेत, त्यामुळे साधा रीबूट टाकला तरी सर्व्हिसेस (मागे सतत चालणारे प्रोग्राम) व्यवस्थित बंद होतात. हे सगळीकडे खरं नाही, प्रश्न १५ बघा.

२. शटडाउन नाऊ टाकल्यावर आत नक्की काय काय होतं?

आधी लॉगिन असलेल्या लोकांच्या टर्मिनलवर निरोप जातो. मग सिस्टमडी सर्व्हिसेस बंद करायला घेतं, ज्या क्रमाने चालू केल्या त्याच्या बरोबर उलट क्रमाने, म्हणजे वेब अ‍ॅप डेटाबेसनंतर चालू झालं असेल तर ते डेटाबेसच्या आधी बंद होतं. प्रत्येक सर्व्हिसला आधी सिगटर्म मिळतो. हा विनंतीचा सिग्नल आहे, प्रोग्राम तो पकडून फाइल लिहून टाकतो, कनेक्शन सोडतो, लॉक काढतो आणि स्वतःहून बाहेर पडतो. ठरलेल्या वेळात नाही पडला तर सिगकिल, आणि तो कुणालाच पकडता येत नाही, त्यात आवराआवरी वगैरे काही नाही.

त्यानंतर फाइल सिस्टम अनमाउंट होतात (डिस्क वापरातून सोडवल्या जातात), स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) सुटतो, उरलीसुरली प्रोसेस असेल तर तिलाही आधी सिगटर्म मग सिगकिल, आणि सगळ्यात शेवटी कर्नलला (हार्डवेअर सांभाळणाऱ्या सिस्टमच्या गाभ्याला) रीबूट नावाचा सिस्टम कॉल जातो. मला या कॉलबद्दल फार जिव्हाळा आहे. चुकून कुणी मशीन बंद करू नये म्हणून त्याला दोन जादूचे आकडे द्यावे लागतात, पहिला हेक्समध्ये लिहिला तर "फील डेड" असा वाचता येतो आणि दुसऱ्याची एक किंमत हेक्समध्ये २८१२१९६९ अशी आहे, म्हणजे २८ डिसेंबर १९६९, लिनस टोरवाल्ड्सची जन्मतारीख.

३. इनिट म्हणजे काय? पीआयडी १ मारला तर काय होईल?

कर्नल उठला, हार्डवेअर ओळखलं, रूट फाइल सिस्टम लावली की तो एकच प्रोग्राम चालू करतो आणि बाकी सगळं त्याच्यावर सोपवतो. तोच इनिट, त्याचा प्रोसेस नंबर (पीआयडी) कायम १. वेगळं काही सांगितलं नसेल तर कर्नल आधी /एसबिन/इनिट शोधतो, मग आणखी दोन ठिकाणी, आणि काहीच नाही सापडलं तर शेवटी शेल उघडायचा प्रयत्न करतो. अनाथ झालेल्या प्रोसेस सांभाळायचं कामही सहसा याच्याकडेच.

मारायचा म्हणाल तर सहज मरत नाही, त्याने जो सिग्नल स्वतः हाताळलेला नाही तो कर्नल त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही, आणि त्यात किल -९ पण आलं. पण काही बिघडून तो खरंच बाहेर पडला तर कर्नल पॅनिक, "अटेम्प्टेड टू किल इनिट" अशी ओळ येऊन मशीन जागच्या जागी थांबतं.

४. रनलेव्हल अजून असतात का? इनिट ६ का चालतं?

जुन्या सिस्टम फाइव्ह पद्धतीत मशीनच्या प्रत्येक अवस्थेला नंबर असायचा, तोच रनलेव्हल: ० म्हणजे बंद, १ म्हणजे एकट्या अ‍ॅडमिनसाठी, ६ म्हणजे रीबूट, आणि मधल्या नंबरांचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला. रेड हॅटवर ३ म्हणजे ग्राफिक्सशिवाय आणि ५ म्हणजे ग्राफिक्ससकट, डेबियनवर २ ते ५ सगळे सारखेच. प्रत्येक लेव्हलचा एक फोल्डर, त्यात एस ने सुरू होणाऱ्या स्क्रिप्ट चालू करायच्या आणि के वाल्या बंद करायच्या, पुढच्या आकड्यावरून क्रम. एकामागून एक चालायच्या त्यामुळे बूट हळू, पण वाचायला अगदी सोपं.

मग २००६ मध्ये उबुंटूने अपस्टार्ट आणलं, २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टमडी सुरू केलं, फेडोरा १५ ने २०११ मध्ये ते घेतलं, २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ पण तिकडे गेले. त्यात रनलेव्हलच्या जागी टार्गेट आले, जुने नंबर टोपणनावं म्हणून शिल्लक ठेवले म्हणून इनिट ६ चालत राहिलं, पण २०२५ मधल्या सिस्टमडी २५८ ने ती सोय काढून टाकली, आता ते त्याआधीच्या आवृत्त्यांवरच चालतं. जेन्टू आणि अल्पाइनवर ओपनआरसी असतं, व्हॉइडवर रनइट, मॅकवर २००५ पासून लाँचडी. तुमच्याकडे काय आहे बघायचं असेल तर पीएस -पी १ टाका, हे नाव माहीत असल्याशिवाय कुठलाही सल्ला डोळे झाकून चालवू नका.

५. रात्री साडेअकराला बंद करायचंय, लोकांना आधी कळवायचंय आणि विचार बदलला तर रद्द पण करायचंय, कसं?

शटडाउन -एच २३:३० आणि पुढे अवतरणात तुमचा निरोप. मिनिटांत सांगायचं तर +१५. काहीच वेळ दिली नाही तर सिस्टमडी एक मिनिट धरतं, आणि हे एक मिनिट मला फार मोलाचं वाटतं कारण चुकीच्या टर्मिनलमध्ये टाकलंय हे माणसाला साधारण दहाव्या सेकंदाला कळतं. रद्द करायला शटडाउन -सी. नुसता निरोप पाठवून घाबरवायचं, बंद करायचंच नाही, तर -के.

वेळ संपायला पाच मिनिटं राहिली की /रन/नोलॉगिन ही फाइल तयार होते आणि रूट (मुख्य अ‍ॅडमिन) सोडून कुणालाही नवीन लॉगिन करता येत नाही. "पासवर्ड बरोबर आहे तरी आत घेत नाही" अशी तक्रार आली तर आधी हे बघा.

६. लॅपटॉप सुडोशिवाय बंद होतो, पण एसएसएचवरून पासवर्ड मागतो, असं का?

कारण मशीनसमोर बसलेला माणूस तसाही बटण दाबू शकतो, त्याला अडवून उपयोग नाही, म्हणून पोलकिट (कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणारा प्रोग्राम) त्याला परवानगी देतो. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमधून, आलेला माणूस समोर नाहीये म्हणून त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. आणि समोर बसलात पण दुसरं कुणी त्याच मशीनवर लॉगिन आहे, तरी मागू शकतो, कारण आता तुम्ही दुसऱ्याचं चालू काम थांबवताय. माझ्या मते हा नियम अगदी योग्य आहे, बंद करायला कटकट होते म्हणून पोलकिटचे नियम सैल करून ठेवू नका.

७. बंद करताना "अ स्टॉप जॉब इज रनिंग" येऊन दीड मिनिट अडकतं, काय करू?

कुठली तरी सर्व्हिस सिगटर्म ऐकत नाहीये, आणि सिस्टमडी तिला डिफॉल्टने ९० सेकंद देतं, तेच ते दीड मिनिट. फेडोरा ३८ पासून त्यांनी ते ४५ वर आणलं. लोक लगेच विचारतात की सेटिंगमध्ये ५ सेकंद करू का, तर नका करू, किमान सगळ्यांसाठी सरसकट तरी नको, कारण मोठ्या डेटाबेसला मेमरीतलं डिस्कवर उतरवायला खरंच वेळ लागतो आणि तुम्ही त्यालाच मध्येच मारून टाकाल. आधी नाव वाचा, ओळीतच लिहिलेलं असतं. मग परत चालू झाल्यावर जर्नलसीटीएल -बी -१ टाकून आधीच्या बूटच्या नोंदीतल्या शेवटच्या ओळी बघा, कारण बहुतेक वेळा सापडतंच: नेटवर्क आधी बंद झालं आणि नेटवर्कवरचं माउंट नंतर, किंवा कुणीतरी शेल स्क्रिप्टमधून प्रोग्राम चालवलाय आणि सिग्नल हाताळायची सोयच केलेली नाही. दोष सापडला की त्या एकाच सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) वेळ बदला.

एक प्रकार मात्र सिगकिललाही दाद देत नाही. पीएसमध्ये डी स्टेट दिसत असेल तर ती प्रोसेस कर्नलमध्ये डिस्कच्या किंवा एनएफएस सर्व्हरच्या (नेटवर्कवरून फाइल देणाऱ्या मशीनच्या) उत्तराची वाट बघत असते. ते उत्तर येईना तर प्रश्न ९.

८. सरळ पॉवर बटण दाबून ठेवलं तर काय बिघडतं? आता तर जर्नलिंग फाइल सिस्टम असते.

आधी फरक लक्षात घ्या. बटण एकदा दाबून सोडलं तर सिस्टमडीकडे निरोप जातो आणि डिफॉल्टने व्यवस्थित पॉवरऑफ होतं, यात काही वाईट नाही. चार सेकंद दाबून धरलं की हार्डवेअरच वीज तोडतं, तिथे ऑपरेटिंग सिस्टमला कुणी विचारत नाही.

जर्नलिंगचा भरवसा लोक फार ठेवतात. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टमचं जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी लिहायची नोंदवही, फाइल सिस्टमचा सांगाडा शाबूत ठेवतं, फोल्डर, नावं, कुठला ब्लॉक कुणाचा हे. तुमच्या फाइलमधला शेवटचा मजकूर डिस्कवर पोचला होता की नाही याची हमी ते देत नाही, आणि डिफॉल्टने ते पाच पाच सेकंदांनी लिहितं, म्हणजे मधलं गेलं ते गेलं. वीज गेल्यावर मशीन चालू झालं म्हणजे डेटा वाचला असं समजू नका. संशय असेल तर बूटच्या वेळी कर्नलच्या ओळीत एफएससीके.मोड=फोर्स घालून पूर्ण तपासणी करून घ्या.

जुने लोक बंद करण्याआधी सिंक तीनदा टाकायचे, त्याबद्दलही विचारतात. पूर्वी सिंक कमांड "लिहायला घ्या" एवढं सांगून परत यायची, लिहून संपायची वाट बघायची नाही, म्हणून तीन वेगळ्या ओळींवर टाइप करेपर्यंत डिस्कला तेवढा वेळ मिळायचा. लिनक्सवर १.३.२० पासून सिंक खरंच वाट बघतं, एकदा पुरे.

९. माउस हलत नाही, एसएसएच लागत नाही, कंट्रोल ऑल्ट डिलीट पण चालत नाही. बटण दाबून धरण्याआधी काही उपाय?

आहे. ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक वेळा प्रिंट स्क्रीनचंच बटण) धरून एकेक करून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं दाबायची, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत. आर कीबोर्ड ताब्यात घेतो, ई सगळ्यांना सिगटर्म, आय सिगकिल, एस सिंक, यू फाइल सिस्टम फक्त-वाचा मोडमध्ये, बी रीबूट. हे थेट कर्नल ऐकतो म्हणून वरचं सगळं गोठलं तरी चालतं.

पण बऱ्याच ठिकाणी ते अर्धंच चालू असतं. /प्रॉक/सिस/कर्नल/सिसआरक्यू मध्ये आकडा बघा, १ असेल तर सगळं, ० असेल तर काहीच नाही. उबुंटूवर डिफॉल्ट १७६ असतो, म्हणजे १६ अधिक ३२ अधिक १२८: सिंक, रीमाउंट आणि रीबूट. सिग्नल पाठवायचे ६४ त्यात नाहीत, म्हणून तिथे ई आणि आय दाबून काही होत नाही पण एस, यू, बी चालतात आणि डेटा वाचवायला तेवढे पुरतात. मशीन अडकायच्या आधी हा आकडा बघून ठेवा, अडकल्यावर बघता येत नाही.

१०. रीबूट -एफ वापरू का? पटकन होतं.

पटकन होतं कारण सर्व्हिसेसना कुणी सांगतच नाही. एक -एफ म्हणजे सर्व्हिसेस रीतसर थांबवणं वगळलं, पण प्रोसेस मारून फाइल सिस्टम अनमाउंट होतात. दोन -एफ म्हणजे तेही नाही, थेट कर्नलला कॉल, वीज गेल्यासारखंच. दोनवालं फक्त तेव्हा, जेव्हा सिस्टमडी स्वतःच उत्तर देत नाही, आणि शक्य असेल तर आधी हाताने सिंक टाकून.

११. कंट्रोल ऑल्ट डिलीटने सर्व्हर कुणीतरी रीबूट केला. बंद कसं करू?

कन्सोलवर ही बटणं दाबली की कर्नल पीआयडी १ ला सिग्नल देतो आणि सिस्टमडी रीबूट करतं. सिस्टमसीटीएल मास्क सीटीआरएल-ऑल्ट-डेल.टार्गेट टाका. एवढ्यावर थांबू नका, दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा दाबलं तर मास्क असूनही जबरदस्तीचा रीबूट होतो, त्यासाठी सिस्टम.कॉन्फ मध्ये सीटीआरएलऑल्टडेल-बर्स्ट-अ‍ॅक्शन हे नन करावं लागतं (नाव सलग लिहायचं, मध्ये डॅश नाही).

१२. बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये अडकलं. काय झालं?

दहापैकी बहुतेक वेळा एफएसटॅब, म्हणजे बूट होताना कुठल्या डिस्क लावायच्या त्याची यादी. काढून घेतलेल्या डिस्कची ओळ तिथे राहिलेली असते, सिस्टमडी ९० सेकंद तिची वाट बघतं आणि मग पुढे जायला नकार देतं. रूटचा पासवर्ड देऊन आत जा, ती ओळ काढा किंवा तिच्या ऑप्शनमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) घाला. बाहेरून लावायच्या प्रत्येक डिस्कला पहिल्या दिवसापासून नोफेल द्या.

रूटचा पासवर्डच नाही किंवा अकाउंट लॉक आहे, तर ग्रबच्या (कर्नल चालू करणाऱ्या बूट लोडरच्या) यादीत ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश लिहा आणि बूट करा. आता पीआयडी १ म्हणजे तुमचा बॅश. डिस्क बहुधा फक्त-वाचा असेल, ती माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / ने लिहिण्याजोगी करा, मग पासवर्ड बदला किंवा फाइल दुरुस्त करा. एसईलिनक्स (सुरक्षेची जादा व्यवस्था) असेल तर रूटमध्ये .ऑटोरीलेबल नावाची रिकामी फाइल पण बनवा, नाहीतर नवीन पासवर्ड असूनही लॉगिन होणार नाही. बाहेर पडताना साधा रीबूट चालत नाही कारण ऐकायला सिस्टमडीच नाहीये, आधी सिंक, मग डिस्क परत फक्त-वाचा, मग रीबूट -एफ -एफ. प्रश्न १० मधल्या दोन -एफ ची ही योग्य जागा.

१३. बूटला फार वेळ लागतो, दोषी कोण ते कसं शोधू?

सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ नुसतं टाकलं की फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि बाकी यांचा वेगवेगळा वेळ दिसतो. पुष्कळदा फर्मवेअरलाच वेळ लागत असतो आणि लोक लिनक्समध्ये शोधत बसतात. मग ब्लेम (कुठल्या सर्व्हिसने किती वेळ घेतला त्याची यादी), पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको, सगळं एकाच वेळी चालू होत असतं, त्यामुळे ३० सेकंद घेणाऱ्या सर्व्हिसमुळे कुणी थांबलेलंच नसेल असंही होतं. क्रिटिकल-चेन टाकलं की खरी वाट अडवणारी साखळी दिसते.

१४. सकाळी आलो तर सर्व्हर रीबूट झालेला. कुणी केला?

लास्ट -एक्स टाका. रीबूटच्या आधी शटडाउनची नोंद असेल तर कुणीतरी रीतसर केलाय, नसेल आणि क्रॅश लिहिलं असेल तर वीज गेली किंवा कर्नल पडला. मग जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स, आणि आधीच्या बूटच्या शेवटच्या ओळी. तिथे फक्त आत्ताचाच बूट दिसत असेल तर तुमचा जर्नल मेमरीत लिहिला जातोय, /व्हार/लॉग/जर्नल फोल्डर बनवून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी पुरावा राहील.

हे मी इतकं आग्रहाने सांगते कारण एकदा रात्री मीच दोन टर्मिनल उघडी असताना चुकीच्या खिडकीत रीबूट टाकला होता, नाऊ सकट, आणि एका कामावरच्या सगळ्या लोकांची अर्ध्या तासाची नोंदणी गेली. त्यांना सकाळी खरं कारण सांगता आलं ते या नोंदीमुळेच. डेबियन-उबुंटूवर मॉली-गार्ड नावाचं पॅकेज आहे, ते एसएसएचवर असताना बंद करण्याआधी मशीनचं नाव टाइप करायला लावतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सर्व्हरवर ते आहेच.

१५. लिनक्सच्या सवयीने सोलारिस किंवा फ्रीबीएसडीवर काम केलं तर चालेल?

इथेच जास्तीत जास्त अपघात होतात. लिनक्सवर इनिट ५ म्हणजे ग्राफिक्स, सोलारिसवर इनिट ५ म्हणजे वीज बंद. लिनक्सवर किलऑल पुढे नाव दिलेल्या प्रोसेस मारतं, सोलारिसवर किलऑल नावाप्रमाणेच सगळ्यांना मारतं, कारण ते शटडाउनच्याच कामासाठी बनवलंय. सोलारिसवर साधा रीबूट बंद करायच्या स्क्रिप्ट चालवत नाही, त्यासाठी शटडाउन किंवा इनिट ६.

फ्रीबीएसडीवर शटडाउन नाऊ नुसतं दिलं तर मशीन बंद न होता सिंगल युजर मोडमध्ये जातं, वीज बंद करायला -पी लागतो. एसएसएचवरून नुसतं नाऊ दिलं तर कनेक्शन तुटतं आणि मशीन कुणीतरी समोर जाईपर्यंत तसंच बसून राहतं. परक्या मशीनवर पहिली कमांड नेहमी युनेम, ती कुठली सिस्टम आहे ते सांगते.

१६. कंटेनर स्टॉप केला की बरोबर दहा सेकंद लागतात, का?

प्रश्न ३ परत वाचा. कंटेनरमध्ये (प्रोग्राम बाकीच्यांपासून वेगळा चालवायच्या बंद खोलीत) तुमचा प्रोग्रामच पीआयडी १ असतो, त्याने सिगटर्म हाताळला नसेल तर कर्नल तो सिग्नल टाकून देतो, डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) डिफॉल्टचे १० सेकंद थांबतं आणि सिगकिल मारतं. म्हणजे तुमचं अ‍ॅप दर वेळी न आवरता मरतंय. प्रोग्राममध्ये सिगटर्म हाताळा, किंवा डॉकर रनला --इनिट द्या, मग एक छोटा इनिट पीआयडी १ होतो आणि सिग्नल पुढे पोचवतो. आणि शेल स्क्रिप्टने प्रोग्राम चालवत असाल तर शेवटच्या ओळीत एक्झेक लिहा, नाहीतर सिग्नल शेलपाशीच अडकतो.

१७. कर्नल अपडेट झाला, रीबूट करायलाच हवा का?

नवीन कर्नल हवा असेल तर हो, जुनाच मेमरीत चालू असतो. डेबियन-उबुंटूवर /व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल दिसली की गरज आहे, रेड हॅटवर नीड्स-रीस्टार्टिंग -आर. फर्मवेअरला फार वेळ लागणारा मोठा सर्व्हर असेल तर केएक्झेक वापरा, चालू कर्नलच नव्या कर्नलला मेमरीत चढवून त्याच्याकडे ताबा देतो, फर्मवेअरचा टप्पा वगळला जातो. पण केएक्झेक -ई थेट टाकू नका, त्यात कुणालाच आवरायला वेळ मिळत नाही. आधी -एल ने नवा कर्नल लोड करा आणि मग सिस्टमसीटीएल केएक्झेक, म्हणजे प्रश्न २ मधली सगळी आवराआवरी होऊनच उडी मारली जाते. सिस्टमडी २५४ मध्ये आलेला सॉफ्ट-रीबूट मात्र इथे कामाचा नाही, तो फक्त वरचं युजरस्पेस नव्याने चालू करतो आणि कर्नल जुनाच राहतो.